आमच्या दवाखान्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: वही, गोळ्यांची पिशवी आणि बाकी सगळं

दवाखान्यात, व्हॉट्सअॅपवर, देवळात आरतीला, कदंबाच्या बसमध्ये, सगळीकडे लोक मला तेच प्रश्न विचारतात आणि घाईत उत्तर देताना दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून गेल्या काही वर्षांतले सारखे सारखे आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. साधे आधी, अवघड नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिकडे बघा असं लिहिलंय.

डॉक्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या? शिक्षण कुठे झालं?

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलीच, म्हादईच्या काठचं गाव. प्राथमिक शाळा मराठी, हायस्कूल वाळपईला, आणि मग बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आपण नुसतं जीएमसी म्हणतो ते. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, त्यात काही दिवस मांडूरच्या ग्रामीण केंद्रात. खरं काम म्हणजे काय ते मला तिथे पहिल्यांदा कळलं, कारण वॉर्डात पेशंट एकटा कॉटवर असतो आणि मांडूरला तो घरच्यांसकट, शेतातल्या चिखलासकट समोर बसायचा. नंतर ३ वर्षं फॅमिली मेडिसिनचं डीएनबी केलं.

डॉक्टर व्हावं हे कधी वाटलं असंही बरेच जण विचारतात. आमच्या घरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात रेशनकार्ड, जमिनीचे कागद आणि आजोबांचा एक पिवळा पडलेला औषधाचा कागद. मुक्तीच्या म्हणजे १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीजमध्ये लिहिलेला. आजोबा कशाने गेले, त्यांना काय दिलं होतं, घरात कोणालाच माहीत नाही कारण तो कागद वाचता येणारं घरात कोणी नव्हतंच. आजीने तो शेवटपर्यंत जपला. जीएमसीचं मूळ म्हणजे १८४२ साली पणजीत सुरू झालेली एस्कोला मेडिका, आशियातल्या अशा सगळ्यात जुन्या शाळांपैकी एक, आणि आजोबांचा डॉक्टर बहुतेक तिथूनच शिकलेला असणार. औषध बरोबरच असेल हो. पण माणसाला स्वतःच्या आजाराचा कागद वाचता येऊ नये हे मला लहानपणापासून टोचतं. त्या टोचण्यातूनच आमच्या दवाखान्यातली वही आली, ती पुढे.

फॅमिली डॉक्टर म्हणजे नुसता सर्दी तापाचा ना? तुम्ही स्पेशालिस्ट का नाही झालात?

फॅमिली मेडिसिन हा पण वेगळा शिकायचा विषय आहे, वर लिहिलंय तसं त्याची ३ वर्षांची पदव्युत्तर डिग्री असते. हृदयाचा डॉक्टर हृदय बघतो, किडनीचा किडनी बघतो, आणि ते हवेतच. पण एकाच काकींना बीपी आहे, गुडघे दुखतात, झोप लागत नाही, मुलगा जहाजावर आहे आणि सून बाळंतीण, हे सगळं एका खुर्चीत बसून ऐकणारं पण कोणीतरी पाहिजे ना, कारण त्या झोपेची गोळी आणि त्या गुडघ्याची गोळी एकाच पोटात जाते.

डिग्री खरी आहे की नाही हे कसं ओळखायचं? (हे माझ्याबद्दल नाही, एकूणच विचारतोय)

माझ्याबद्दल विचारलं तरी चालेल. डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर लिहायलाच हवा. आमचा गोवा मेडिकल कौन्सिलचा असतो, बाहेरच्या राज्यातल्या डॉक्टरचा तिथल्या कौन्सिलचा. नंबर नसेल तर सरळ मागा, खऱ्या डॉक्टरला त्यात काही वाटायचं कारण नाही.

टायमिंग काय? नंबर फोनवर लावता येतो का?

सकाळ संध्याकाळ, रविवार बंद, चवथीला दोन दिवस बंद. नंबर फोनवर लागतो, पण ताप आलेलं लहान मूल, दम लागलेला माणूस आणि गरोदर बाई यांना आधी घेतो, त्यावरून कृपया भांडू नका.

कोंकणीत बोललं तर चालतं का? माझ्या सासूला मराठी नीट येत नाही.

चालतं काय, बोलाच. ज्या भाषेत दुखतं त्याच भाषेत सांगा. वहीत मी मराठीत लिहिते, पण कोणाला रोमीत (रोमन लिपीतल्या कोंकणीत) पाहिजे असेल तर कंपाउंडर लिहून देतो, हिंदीत पाहिजे तर हिंदीत.

ही वहीची काय भानगड आहे? बाकीचे डॉक्टर तर चिठ्ठी देतात.

चिठ्ठी हरवते. म्हणून प्रत्येक घराला एक शंभर पानी वही, शाळेची असते तशीच, बाहेर आडनाव आणि वाड्याचं नाव. आत प्रत्येकाची वेगळी पानं. काय झालंय, काय तपासलं, कुठली गोळी, ती कशासाठी, किती दिवस आणि काय झालं तर परत यायचं, एवढं साध्या मराठीत. ‘अॅम्लोडिपिन ५’ च्या पुढे ‘बीपीची, रोज, बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही’ असं. वही तुमच्याकडेच राहते, माझ्याकडे कॉम्प्युटरवर थोडक्यात नोंद असते. लिहायला वेळ लागतो म्हणून बाहेर रांग थांबते हे मला माहितेय, पण तो वेळ मी कमी करणार नाही.

पहिल्यांदा येताना काय काय आणायचं?

जुने रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद, चष्मा असेल तर चष्मा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून. सगळ्या म्हणजे सगळ्या, उशीखालच्या, फ्रिजवरच्या, शेजारणीने दिलेल्या, गावठी पुड्या, आयुर्वेदिक, ताकदीची पावडर पण.

मी पिशवी टेबलावर ओतते. गेल्या पावसात एक आजी आल्या होत्या, सारखं गरगरतं म्हणून. पिशवीत बीपीची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपनीच्या नावाने, एक म्हापशाच्या डॉक्टरची आणि एक गावातल्या दुकानातली, दोन्ही रोज चालू. शिवाय शुगरची गोळी अडकित्त्याने अर्धी केलेली. पुढ्यात सुपारीचे तुकडे आणि त्यात गोळीचे तुकडे. मी विचारलं अर्धी का, म्हणाल्या अख्खी घेतली तर लवकर संपते बाय. ती गोळी हळूहळू विरघळणारी, एसआरवाली होती, तशी गोळी कापली की दिवसभर पुरायचं औषध एकदम अंगात उतरतं. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर विचारल्याशिवाय कापू नका, चावू नका, पेजेत कुस्करून घालू नका. आजींचं गरगरणं एक गोळी काढून टाकल्यावर आठवड्यात थांबलं, नवीन औषध एकही लागलं नाही.

तुम्ही एवढे प्रश्न का विचारता? दारू पितो का, झोप लागते का, घरात कोण कोण आहे. पोट दुखतंय तर पोटाचं बघा ना.

कारण मी एकदा विचारलं नव्हतं. प्रॅक्टिस नवीन होती, दवाखाना भरलेला, एक शेतकरी कंबर धरून आले आणि मी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, पाच दिवसांच्या. ते दुकानातून त्याच जातीची दुसरी गोळी कित्येक महिने रोज घेत होते आणि बीपीची पण चालू होती. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, लपवणारे नव्हते ते. तीन आठवड्यांनी पाय सुजून आले, क्रिएटिनिन वाढलेलं. जीएमसीत दाखल केलं, किडनी बरीचशी सावरली पण पूर्ण नाही. ते अजून माझ्याकडेच येतात. मी त्यांना सांगितलं की माझं विचारायचं राहिलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, बाहेर कितीही गर्दी असली तरी.

दारूचं पण तेच. हुर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन म्हणजे मार्च ते मे, आणि कष्टाचं माणूस संध्याकाळी घेतो, त्यावर मी प्रवचन देत नाही. पण अमिबाच्या जुलाबासाठी जी मेट्रोनिडाझोल देतात तिच्याबरोबर दारू घेतली तर उलट्या, धडधड होऊ शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) घेणाऱ्याने उपाशीपोटी दारू घेतली तर साखर एकदम खाली जाते आणि घरचे म्हणतात चढलीय, झोपू दे. अशा झोपेतून माणूस उठत नाही कधीकधी. म्हणून खरा आकडा सांगा. दोन सांगून चार घेत असाल तर मी दोनच्या हिशोबाने औषध लिहीन.

इंजेक्शन का देत नाही? सलाइन लावली की लगेच तरतरी येते, तुम्ही का लावत नाही?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न.

५०० मिलीची साधी सलाइन म्हणजे पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. ५ टक्के डेक्स्ट्रोजवाली असेल तर २५ ग्रॅम साखर. त्यात ताकद नावाचं काहीच नसतं. माणसाने दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एका बाटलीत जवळपास दिवसाचं मीठ झालं, आणि हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यानेच दम लागू शकतो. तरतरी येते कारण तासभर पंख्याखाली आडवे पडलात आणि कोणीतरी लक्ष दिलं. ती गरज खरी आहे, मी नाकारत नाही. पण त्यासाठी शिरेत सुई नको.

तोंडाने पाणी राहत असेल तर ओआरएस, एक मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. पेज मीठ घालून, शहाळं, सोलकढी नाही (आंबट आणि तिखट पोटाला त्या दिवशी नको). सलाइन मी लावते तेव्हा लावतेच: सारख्या उलट्या, लघवी बंद, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त. पण अशा वेळी बहुतेक करून मी आरोग्य केंद्रातच पाठवते.

दुखण्याच्या इंजेक्शनचं वेगळं कारण आहे, ते तापाच्या उत्तरात बघा.

अँटिबायोटिक दिली नाही म्हणून आजार लांबला असं आम्हाला वाटतं. खरं काय?

सर्दी, साधा खोकला, बहुतेक घसे, बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, चार दिवसांनी ते जाणार ते जाणारच. पण गोळी घेतलेली असते म्हणून क्रेडिट गोळीला मिळतं. खरोखर लागते तेव्हा मी पूर्ण कोर्स देते आणि वहीत लिहिते का दिली. २०१४ पासून बऱ्याच अँटिबायोटिक शेड्यूल एच१ मध्ये आहेत, दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत आणि रजिस्टर ठेवायचं. मागच्या वेळच्या उरलेल्या तीन गोळ्या नवऱ्याला देऊ नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर मात्र अँटिबायोटिक मागायलाही नको आणि सिरपही नको, थुंकी तपासायची, टीबीची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात फुकट आहे.

पावसात ताप आला तर किती दिवस वाट बघायची?

आपल्याकडे ‘पावसाचा ताप’ म्हणजे चार पाच वेगळे आजार असतात आणि सुरुवातीला सगळे सारखेच दिसतात, म्हणून मी तापाच्या माणसाला तो काय काम करतो हे आधी विचारते.

शेतात उतरलात, पायाला चिरा आहेत, मग ताप आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल, तर लेप्टो डोक्यात येतो. उंदराच्या लघवीचं पाणी चिखलात मिसळतं आणि कातडीतून आत जातं. यात वाट बघायचीच नाही, दुसऱ्याच दिवशी या. लावणीच्या दिवसांत ज्यांना धोका जास्त त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिन मी देते, पण गरोदर बाईला आणि लहान मुलांना नाही, म्हणून एकमेकांत वाटून घेऊ नका.

डेंग्यूचा ताप उतरला की लोक निवांत होतात, आणि नेमके तेच एक दोन दिवस धोक्याचे. ताप उतरल्यावर पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, मूल सुस्त पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर घाबरायचं पण नाही आणि निश्चिंत पण व्हायचं नाही, माणूस कसा आहे ते बघायचं. आणि इथे ते इंजेक्शनचं: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन या गोळ्या इंजेक्शनं डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात. तापात फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीचं इंजेक्शन द्या म्हणून कोणी कितीही हट्ट केला तरी पावसात ताप असताना मी ते देत नाही.

मलेरियाची रक्ताची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते, बाहेर पैसे घालवायच्या आधी तिथे जा.

आणि माकडताप? आम्ही काजूला जातो.

तो उलट पावसाच्या आधीचा, साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे बरोबर काजूच्या वेळेला. सत्तरीत २०१५ पासून आपण तो चांगलाच ओळखतो. रानातल्या गोचिडीमुळे होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. रानात जाताना पूर्ण बाह्या, पायात मोजे, हातापायाला लावायचं तेल आरोग्य केंद्रातून घ्या, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. पालापाचोळ्यावर बसू नका, बोंडं पिळताना सुद्धा. माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. काजूला गेलेल्या माणसाला एकदम भरून ताप आला तर मला पहिलं वाक्य हेच सांगा की काजूला जातो.

मुलाच्या तापाचं सिरप किती द्यायचं?

वयावर नाही, वजनावर. किलोला १५ मिग्रॅ पॅरासिटामॉल, सहा तासांनी, दिवसात चारच्या वर नाही. बाजारात ५ मिलीत १२० किंवा १२५ वालं आणि २५० वालं, दोन्ही मिळतात आणि बाटल्या दिसायला सारख्याच, त्यात घोळ होतो. बाटलीचा फोटो आणि मुलाचं वजन पाठवा, मी मिली सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर सिरप नको, लगेच घेऊन या.

व्हॉट्सअॅपवर औषध सांगाल का? फी ऑनलाइन पाठवतो.

वहीतल्या माणसाला, ज्याला मी ओळखते, गोळी संपली, रिपोर्ट आला, डोस विसरला, एवढं फोनवर नक्की. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत ते बसतं. पण पोटदुखी, छातीत दुखणं, दम, गरोदरपणातलं काही, हे बघितल्याशिवाय नाही. पोटाला हात लावल्याशिवाय अपेंडिक्स कळत नाही. पुण्यात, दुबईत असलेली मुलं इथल्या आईबापांसाठी मेसेज करतात, त्यांची काळजी मला समजते, पण आईला एकदा माझ्यासमोर आणून बसवा, मग पुढचं फोनवर जमेल.

काविळीवर गावठी औषध देतात ते घेऊ का? आमच्या आजोळी सगळे तिथेच जातात.

पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ बरीचशी आपोआप बरी होते, म्हणून ज्याने जे दिलं त्याने बरी झाली असं वाटतं. मी वैदांचा अपमान करत नाही, आमच्याच घरी कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) पाला औषधाला वापरायचे. माझं म्हणणं एवढंच की आधी रक्त तपासा, कारण पित्ताच्या खड्याची, बी आणि सी व्हायरसची, लेप्टोची आणि दारूची कावीळ पण पिवळीच दिसते. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवस पण वाट बघू नका. आणि घेतलंच असेल गावठी, तर मला सांगा. पुडीत काय आहे ते माहीत नसेल तर पुडी घेऊन या. दम्याच्या, सांध्याच्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, माणसाला झकास वाटतं, साखर वाढत जाते, आणि अचानक बंद केली तर कोसळतो. सांगितलंत तर मी ते हळूहळू काढू शकते.

देवाला गाऱ्हाणं घालणं, दिष्ट काढणं, याला माझी कधीच ना नाही. गोळी घेऊन घाला.

बीपी आहे म्हणून खारा बांगडा बंद का? पेजेबरोबर दुसरं काय खाणार?

एकदम बंद कर म्हटलं तर कोणी करत नाही. पावसात मासेमारी बंद, घरात पुरुमेंताचं (पावसासाठी साठवलेलं) खारं, लोणचं, तोरं (मिठातल्या कैऱ्या). मी एवढंच सांगते की खारं रोज नको, आठवड्यात एकदा, आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून, आणि त्या दिवशी पेजेत वेगळं मीठ नाही, पापड नाही. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर गोळी लागणारच, मिठाने गोळी सुटेल असं खोटं आश्वासन देत नाही, पण डोस कमी राहू शकतो.

रात्री छातीत दुखलं तर तुम्हाला फोन करू का?

नको. आधी १०८. मला फोन करण्यात दहा मिनिटं जातात. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, शुगरवाल्यांना तर कधी नुसताच दम आणि घाम. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढून बांबोळीच्या हृदयरोग डॉक्टरांना दाखवायची सोय स्टेमी गोवा प्रकल्पात झाली आहे आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच मिळू शकतं, ते जितक्या लवकर तितकं हृदय वाचतं. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन सकाळ करू नका. वही मात्र बरोबर घ्या.

कुत्रा चावला, साप चावला तर तुमच्याकडे येऊ?

कुत्रा: आधी घरीच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची नको. मग आरोग्य केंद्र, लस तिथे मिळते, वेळापत्रक कागदावर देतात आणि शेवटचा डोस चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन पण लागतं, ते दिलं का विचारा. पाळलेला आहे, ओरखडाच आहे, असं म्हणून सोडू नका, रेबीज झाल्यावर उपाय जवळजवळ नाहीच.

साप: बांधू नका, कापू नका, चोखू नका. हलवू नका आणि १०८. आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतं. कुळागरात चापडा चावला तर ते लागू होत नाही, तरी सूज आणि रक्त बघायला हॉस्पिटलच हवं. सापाला शोधण्यात वेळ घालवू नका.

जीएमसीत पाठवता तेव्हा कार्डाचं काय? आम्ही दोडामार्गचे आहोत, आम्हाला चालतं का?

डीडीएसएसवाय म्हणजे गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ ला सुरू झालेली, गोव्यात ५ वर्षं किंवा जास्त राहिलेल्यांसाठी. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. कार्ड चालू आहे का ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या लोकांना हे कार्ड मिळत नाही, तुमची महाराष्ट्राची योजना वेगळी, तिची कागदपत्रं घेऊन आधी चौकशी खिडकीवर विचारा. इमर्जन्सीत कागदासाठी थांबू नका.

मी सांगितलेलं घरच्यांना कळेल का?

नाही. वहीत सगळं घर बघतं म्हणून ज्या गोष्टी तुम्हाला घरात नको असतील त्या वहीत लिहित नाही, वेगळा कागद करते आणि तो तुमच्याकडे. सासू विचारते सुनेचं काय निघालं, बायको विचारते नवऱ्याचं काय, मी सांगते त्यांनाच विचारा. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि नाव बाहेर नाही.

अपवाद दोन. जिवाला धोका असेल, म्हणजे कोणी स्वतःला संपवायचं बोलत असेल, तर मी घरच्या एका माणसाला सांगते, पण त्या व्यक्तीला सांगून. आणि १८ वर्षांखालच्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कायद्याने मला कळवावंच लागतं. हे मी मुलींना आधीच सांगते, बोलून झाल्यावर नाही, कारण विश्वास ठेवून बोललेल्या पोरीला मागाहून असं कळलं तर ती पुन्हा कोणाशीच बोलणार नाही.

मागच्या तारखेचं मेडिकल सर्टिफिकेट मिळेल?

मिळणार नाही, ओळखीवर पण नाही. ज्या दिवशी बघितलं त्या दिवसाचं देते. आजार खरा असेल तर ‘पेशंटच्या सांगण्यावरून अमुक दिवसापासून आजारी’ असं लिहू शकते, बऱ्याच ऑफिसात ते चालतं.

मी लईराईचा धोंड आहे, शुगर आहे. व्रतात गोळ्या चालतील का?

लईराई ही शिरगावची देवी, आणि धोंड म्हणजे तिच्या जत्रेचं व्रत धरणारे भक्त. हा प्रश्न दर वर्षी वैशाखाच्या आधी येतो आणि मला तो आवडतो, कारण माणूस आधी विचारायला आलेला असतो. व्रत सोडा असं मी म्हणत नाही. महिनाभर आधी या. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर फार खाली जात नाही, डोस जेवणाप्रमाणे हलवू. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर कमी करावंच लागतं. डापाग्लिफ्लोझिन जातीची असेल तर कडक उपासाच्या दिवसांत बंद ठेवायची, नाहीतर अंगात आम्ल वाढतं. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम आला तर गूळ किंवा साखर लगेच तोंडात. देवी त्यावर रागावणार नाही असं माझ्याच एका पेशंटने, जुन्या धोंडाने, दुसऱ्याला माझ्यासमोर सांगितलं होतं.

होमखणाचं, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालतात त्याचं, वेगळं. बरीच वर्षं शुगर असेल तर तळपायाची संवेदना जाते, निखाऱ्यावर पाय किती भाजला ते कळतच नाही. आधी मी पायाला बारीक दोरा लावून तपासते. संवेदना गेलेली असेल तर मी स्पष्ट सांगते की यंदा बेत (धोंडांची वेताची काठी) हातात धरून बाहेरून नमस्कार करा. काही ऐकतात, काही नाही. जे जातात त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाय दाखवायला यायचं, दुखत नसलं तरी. भाजलं असेल तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नको, बर्फ नको.

बाबांना शेवटचे दिवस घरीच ठेवायचंय. तुम्ही घरी येता का? आणि मग दाखल्याचं काय?

येते, दुपारच्या सुट्टीत किंवा रात्री दवाखाना बंद करून. दुखणं कमी ठेवणं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, हे घरच्यांना शिकवते. घरी ठेवलं म्हणजे उपचार सोडले असं नाही, आणि शेजारी काय म्हणतील याची भीती वाटत असेल तर मी स्वतः बसून नातेवाइकांशी बोलते.

दाखल्याचं: शेवटच्या आजारात मी बघत असेन तर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ए मी देते, नोंदणी पंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांच्या आत. पण ज्यांना मी कधी बघितलंच नाही, किंवा पडून, बुडून, अचानक कारण न कळता गेले, तिथे मी सही करू शकत नाही, पोलिसांना कळवावं लागतं. दुःखाच्या वेळी हे ऐकायला फार कठोर वाटतं, म्हणून इथे आधीच लिहितेय.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तर तुम्हाला राग येतो का?

नाही. वही घेऊन जा आणि त्यांनी काय सांगितलं ते त्याच वहीत लिहून आणा.

आम्ही गाव सोडून मुलाकडे ठाण्याला चाललोय. आमच्या नोंदींचं काय?

वही तुमचीच आहे, न्या. माझ्याकडच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी पाहिजेत तर मागा, दोन तीन दिवसांत प्रिंट देते. जायच्या आधी एकदा पिशवी घेऊन या, चालू गोळ्यांची नवीन यादी पहिल्या पानावर लिहू, कंपनीच्या नावाने नाही तर औषधाच्या मूळ नावाने, म्हणजे ठाण्याच्या दुकानात पण मिळतील. वही भरत आली असेल तर नवीन घेऊन या, जुनीतलं महत्त्वाचं मी उतरवून देते.